शेऱ्याचा रकाना

पहिल्या वहीला सात रकाने होते.
सातवा शेऱ्याचा. तो मीच आखला,
धाकटीच्या पट्टीने, जरा तिरका.

हाजरा : वारा उलटा, होड्या वर ओढल्या.
सुगंधा खडपे : सून बाळंत, मुलगी.
जैतून होडेकर : सुकट भिजली. पुढल्या मंगळवारी बघू.

'बघू' हा शब्द तेव्हा हिशेबात चालायचा.

पत्र्याची पेटी, तीन किल्ल्या तीन घरांत.
उघडायची तर तिघींनी एकत्र यायचं,
म्हणजे चहा आलाच,
आणि चहाबरोबर कुणाचं काय दुखतंय तेही.
संस्थेचे अणावकर सर पूर्णगडला एसटीने उतरत,
चपला हातात घेऊन पुळणीतून येत.
म्हणत, बंदीच्या महिन्यांत हप्ता नको,
नारळी पुनवेनंतर बघू.
त्यांनाही तो शब्द यायचा.

मग संस्थेची कंपनी झाली.
कधी, ते आम्हाला कॅलेंडरवरून कळलं :
वर जैतून, डोक्यावर हारा, हसतेय.
खाली तारखा. मंगळवार लाल.

आता पोरगा येतो मोटारसायकलने.
वाईट नाही तो. त्यालाही टार्गेट असतं,
उन्हात उभ्याने डबा खातो, ताई म्हणतो.
टॅबवर अंगठा, दहा मिनिटांत पैसे.
खोटं कशाला बोलू, छपराचा पत्रा त्यातूनच आला.
वीस मागितले तर म्हणाला, पस्तीस घ्या, पात्र आहात.
सातवीत नापास झालेली मी,
'पात्र' ऐकून किती दिवस बरं वाटत होतं.

जुलैत समुद्र बंद. मंगळवार चालू.
जैतून आली नाही.
गटाची जबाबदारी आहे, तो म्हणाला, सगळ्यांच्या सह्या आहेत.
आम्ही नऊजणी तिच्या पडवीत जाऊन बसलो.
चहा झाला नाही.
बारा वर्षं जिच्या शेजारी बसून तिसऱ्या काढल्या
तिच्या बंद दाराकडे बघत
मी मनात तिचा हप्ता नऊने भागत होते.

चार वाजता दार उघडलं. तिने नोटा ठेवल्या.
कुठून आणल्या, कुणी विचारलं नाही.
मी पोराला म्हटलं, शेरा कुठे लिहायचा?
त्याने टॅब फिरवून दाखवला :
व्यवसाय, शिक्षण, घरदुरुस्ती, इतर.
'इतर' टाका ताई, म्हणाला, आणि किक मारली.

पेटीत हल्ली मी सोलं ठेवते.
रात्री तिच्या तळातून वही काढली.
जैतून : भरले.
खालच्या ओळीत माझं नाव लिहिलं.
पुढे अजून काही नाही,
सोलांचा लाल डाग पडलाय तिथे.