कसेल त्याची

या शहराचं नाव हल.
हल म्हणजे नांगर, हलधरातला,
मी अन्वयला सांगितलं होतं तो सहा वर्षांचा असताना,
आणि त्याने खेळातल्या शेताला तेच नाव दिलं.
तीन एकर, एक विहीर, कोपऱ्यात बुजगावणं.
बुजगावण्याला माझा हॉस्पिटलचा निळा कोट;
रंग त्याने तासभर मिसळून मिसळून जुळवला.

बुधवारी पत्र आलं. पत्र कसलं, ईमेल.
'एकतीस मार्चला रात्री बारा वाजता सेवा बंद होईल.
आजवरच्या सोबतीबद्दल आभार.'
सोबत म्हणे.

मी पावती शोधली. होती.
चौतीस पौंड नव्व्याण्णव,
त्या महिन्यात दोन जादा रात्रपाळ्या.
बटणावर लिहिलं होतं: विकत घ्या.
बटणाखाली मुंगीच्या पावलांची अठ्ठावीस पानं,
त्यांत 'विकत' हा शब्द पुन्हा कुठेच नाही.
परवाना आहे. आमच्या मर्जीने. केव्हाही परत घेण्याजोगा.
मी रक्त तपासते, बारीक बघणं हाच माझा धंदा,
आणि हे न वाचताच 'मान्य' म्हटलं होतं.

माझा पणजोबा कूळ होता.
त्याची गोष्ट घरात सांगून सांगून गुळगुळीत झालेली:
तलाठ्याने नाव लावलं त्या दिवशी
तो बांधावर जाऊन बसला, काहीच न करता,
कारण आता नुसतं बसायचाही हक्क होता.
कसेल त्याची जमीन.
अन्वय म्हणाला, 'मग मी कसली ना? तीन वर्षं?'
कुठल्या तलाठ्याकडे जाऊ, बाळा.
सातबारा ढगात आहे
आणि ढगाचा मालक पत्ता देत नाही.

आमचं घरही भाड्याचं.
भिंतीला खिळा मारायचा नाही असं करारात आहे.
तो निदान वाचला होता.

रविवारी कार बूट सेलला गेलो.
उघड्या डिक्या, हंबरवरून येणारा बोचरा वारा,
चिखलात ताडपत्री,
ताडपत्रीवर कुणाकुणाचं बालपण, पौंडाला एक.
हॅगर्टी नावाचा म्हातारा राखाडी कार्ट्रिजं विकत होता.
एकावर मार्करने लिहिलेलं:
गॅरेथचं आहे. हात लावू नये.
'आतली बॅटरी गेलीय,' म्हातारा म्हणाला,
'खेळ चालतो, पण लक्षात काही ठेवत नाही.
बंद केलास की पुन्हा पहिल्यापासून.'
'पण ते माझं असेल?'
म्हाताऱ्याला प्रश्न कळला नाही.
'दोन पौंड,' तो म्हणाला.
मी दीडला पाडलं.
ते ज्यात घालायचं ते यंत्र आमच्याकडे नाही,
हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

एकतीसला पावणेबाराला मी त्याला उठवलं.
कांदा काढणीला आला होता.
मी म्हटलं, राहू दे.
तो म्हणाला, असा कसा राहू देणार.
शेजारच्या शेतात कुणीतरी, बहुधा ब्राझीलमधलं,
सगळे कंदील लावून उभं होतं.
आम्ही कांदा काढला, विहिरीवर झाकण ठेवलं,
बुजगावण्याच्या कोटाचं बटण लावता येतं का पाहिलं.
येत नव्हतं.
शेवटच्या मिनिटाला त्याने पुन्हा पेरणी केली.
मी काही बोलले नाही.

'जोडणी तुटली आहे. पुन्हा प्रयत्न करा.'
त्याने केला.
मग आणखी एकदा.

सकाळी उशी झटकताना कार्ट्रिज खाली पडलं.
गॅरेथचं नाव त्याने खोडलं नव्हतं.
खाली बॉलपेनने, वाकडं:
नंतर अन्वय.
आणि तारीख.
फेरफार अस्साच नोंदवतात.
मी त्याला कधी शिकवलं नव्हतं.