लॉट नंबर सत्तेचाळीस

होल्मक्विस्टचा ईमेल नेहमी दोनच ओळींचा:
पाठ जरा सरळ कर.
मागचा डावा पाय तू बघशीलच.

बाहेर व्हॅलेंटाइन गावावर नेब्रास्काचा नोव्हेंबर,
धान्याच्या पत्र्याच्या कोठीला वारा घासतोय,
आणि माझ्या पडद्यावर सप्टेंबरातल्या उन्हात उभा
काळा अँगस खोंड, बाराशे पौंडांचा,
फेब्रुवारीच्या लिलावासाठी.

आधी शेण पुसते. ते सगळेच पुसतात.
मग कासरा, मग तो धरणाऱ्या पोराचा हात,
मनगटापासून हवेत विरत जातो.
चिखलावर गवत पेरते,
जूनमधलं, दुसऱ्याच कुरणातलं.
डोळ्याच्या कोपऱ्यातली माशी उडवते.
इथपर्यंत मला झोप लागते.

मालेगावला अण्णांचा स्टुडिओ होता.
निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर ठेवून
टोकदार शिसपेन्सिलीनं ते
लग्नाच्या मुलींच्या गालांवरचे देवीचे व्रण भरत.
कुणी हळूच म्हणे, नाकाचंही बघा ना काहीतरी.
अण्णा पेन्सिल कानावर ठेवत.
"व्रण तिचा आहे, पुसतो.
नाक घराण्याचं आहे.
ते उद्या पाळण्यात दिसेल, तेव्हा मला शोधत याल."

तीन वर्षांपूर्वी लॉट एकतीसचा पाय
मी सरळ केला होता.
विळ्यासारखा वाकलेला, मागचा.
तासाभराचं काम; इतकं बेमालूम झालं
की चहा करून पुन्हा बघायला आले.
साउथ डकोटातून कुणी फोनवर बोली लावून
न बघता घेतला तो, आठ हजार दोनशेला.

आपल्याकडे बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरतात.
फसवणाऱ्याच्या हाताचा घाम
फसणाऱ्याला निदान लागतो तरी.
माझी बोटं कोरडी होती.

आज सकाळी अनोळखी नाव: मार्लिस ड्वोराक.
नऊ कालवडी विकायच्या आहेत.
तुमचं काम चांगलं असतं म्हणे.
जास्त काही नको, फक्त पाय तेवढे...

एकेक फोटो उघडत गेले.
वाळक्या गवतात नऊ जणी,
कानांत पिवळे बिल्ले,
आणि त्यातल्या सात जणींना तोच पाय.
आपण खोडलेली ओळ
दुसऱ्याच्या वहीत सापडावी, तसा.
पुसलेलं जातं कुठे,
हे मी त्या वेळी विचारलंच नव्हतं.

तिला उत्तर लिहायला घेतलं. तीनदा.
"तुमच्या वळूचा मूळ फोटो माझ्याकडे आहे,"
इथवर येते, आणि पुढचं वाक्य
होल्मक्विस्टचं नाव मागतं,
माझं तर आधीच.
घराचं भाडं त्याच्याच कामावर निघतं,
हेही कुठल्या तरी ओळीत यायला हवं.

सत्तेचाळीस अजून उभाच आहे.
मागचा डावा पाय मोठा करून पाहते.
बाक आहे, थोडासाच.
"थोडासाच" हा शब्द
रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणून पाहिला.

फाइल पाठवली. पाठ आहे तशी, पाय आहे तसा.
गवत काढून चिखल परत आणला,
माशीही बसवली डोळ्याशी,
उगाच, रागानं असेल.

फोन वाजतोय. होल्मक्विस्टच असणार.
मार्लिसचं पत्र
अजून कच्चंच पडलंय.