पंचवीस शब्द

फोर्टात, दुसऱ्या मजल्यावर, रेडक्रॉसच्या टेबलाशी
मी शब्द मोजायचो.
पगार बेचाळीस रुपये, लढाई संपेपर्यंतची नोकरी.
पलीकडे पत्र जात नव्हतं. हा एक फॉर्म जायचा,
जिनिव्हावरून, पंचवीस शब्दांचा.
फक्त घरच्या गोष्टी.
सव्विसावा शब्द आला की निळ्या पेन्सिलीनं टोकायचं.

इर्मा पोलाचेक मंगळवारी यायची.
ब्रनो गावची. मी नकाशात शोधून ठेवलं होतं,
पण नव्या नकाशात ते दुसऱ्याच रंगात बुडालेलं.
गिरगावात एका डॉक्टरांकडे कवळ्या बनवायची,
नखांत गुलाबी मेण.
मला ‘मिस्टर वाकरूळ’ म्हणायची,
पुढचा ‘कर’ तिच्या जिभेला कधी झेपला नाही.

तिची भाषा मला येत नव्हती.
मोजायला भाषा लागत नाही,
दोन शब्दांमधली फट दिसली की झालं.

एकदा सत्तावीस भरले. एक तिनं आपण होऊन काढला.
मग मला दिसलं, शेवटी एकच शब्द दोनदा आलाय:
मुट्टी, मुट्टी.
म्हटलं, बाई, हा एकदा पुरे.
तिनं पेन्सिल घेतली. नुसतीच धरून बसली.
मागे रांग होती. मी घड्याळाकडे पाहिलं,
आणि मी पाहिलेलं तिनं पाहिलं.

उत्तर त्याच फॉर्मच्या पाठीवर यायचं,
पाच महिन्यांनी, कधी आठ.
ती मला मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत सांगायची.
आम्ही बरे. रोझामावशी प्रवासाला गेली.
आम्ही बरे. योझेफ आणि मुलं प्रवासाला गेली. शेगडी दुरुस्त केली.
मी म्हटलं, नशीबवान घराणं!
लढाईतसुद्धा फिरतंय.
हे मी म्हटलं. मोठ्यानं. हसून.
ती म्हणाली, तिकीट परतीचं नसतं, मिस्टर वाकरूळ.

मग आलं:
आता आमचीही पाळी. गरम कपडे घेतलेत. तुझा फोटो घेतलाय.
नऊ शब्द.
सोळांची मुभा शिल्लक होती.
मी मोजले. सवय.

त्यानंतरचा फॉर्म तसाच परत आला, वर शिक्का:
पत्ता न ठेवता निघून गेले.
त्या राज्याच्या दप्तरात
कुणी कुणाला नेत नाही.
माणसं आपणच उठतात,
चुलीवरचं दूध तसंच ठेवून,
आणि पत्ता ठेवायचं विसरतात.
सगळी.
एकाच आठवड्यात, गल्लीच्या गल्ली.

पंचेचाळीस साली मी तिला मांडवीला आमच्या मशिदीत नेलं.
(आम्ही बेने इस्राएल आमच्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणतो.)
हज्जाननं विचारलं, तारीख कुठली?
तारीख नव्हती.
गाव?
तेही नक्की नाही.
मग नावं सांगा. ती सांगत गेली, आणि एका नावापाशी
आपल्या मराठीत म्हणाली:
हे मुट्टी. मुट्टी म्हणजे आई.

मी भिंतीकडे पाहत राहिलो.

नवगावच्या किनाऱ्यावर आमचं गलबत फुटलं म्हणतात,
तेव्हा बुडालेल्यांचे दोन उंचवटे आहेत,
पुरुषांचा एक, बायकांचा एक. नाव एकाचंही ठाऊक नाही.
पण कुणीतरी ओल्या हातांनी मूठमाती दिली होती,
म्हणून आजही तिथून जाताना आम्ही चप्पल काढतो.
इर्माच्या माणसांसाठी
मी कुठली माती उचलू?
आणि ती मूठ, जी तिनं फॉर्मवर दोनदा उघडली होती,
त्यातली एक तर मीच मिटवली.

ती एकोणपन्नासला बॅलार्ड पियरवरून हैफाला गेली.
जाण्याआधी माझे पुढचे दोन दात करून दिले,
पैसे घेतले नाहीत.
एकाला आता तडा गेलाय, तरी बदलत नाही.
रात्री काढून वाटीत ठेवायच्या आधी
त्याच दातांनी तो शब्द म्हणतो.
बायको विचारते, काय पुटपुटता?
काही नाही, म्हणतो,
एक शब्द कमी पडला होता.