दीड तासाचा सल्ला

कायदा सांगतो, सहीआधी माझ्याशी बोलायलाच हवं.
म्हणून इल्मा राउटिओ, वय एक्क्याऐंशी,
डुलूथच्या चढावरच्या, तलावाकडे तोंड केलेल्या घरातून
मला फोन करतात.
दहाची वेळ दिली होती. दहाला दोन मिनिटं कमी आहेत.

मी ‘घ्या’ म्हणायचं नाही, ‘नको’ही म्हणायचं नाही.
नियम वाचायचे, आणि समजले का
ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं.

हे उलटं गहाण, मी म्हणतो.
तुम्ही बँकेला हप्ता द्यायचा नाही, बँक तुम्हाला देणार.
“सत्तावीस वर्षं आम्ही तिला भरवलं,” त्या म्हणतात,
“आता तिची पाळी. बरं, पुढे?”

पुढे, कर्ज दर महिन्याला वाढत जातं.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात,
इथे वासे जागच्या जागी असतात,
फिरतो तो व्याजाचा काटा, रात्रीसुद्धा.

“किती मिळतील?”
वयावर आहे. वय जितकं जास्त, तितके जास्त.
जरा शांतता. मग हसू, खोकल्यात संपलेलं.
“वय वाढलं की भाव पडतो, एवढंच पाहिलं होतं हो.
सुरकुत्यांना दर लावणारे तुम्हीच पहिले.
आणि कागदावर किती वर्षं धरलीत मला?”
साधारण आठ.
“साधारण,” त्या म्हणतात,
आणि पेन्सिल चालल्याचा आवाज येतो.

विकणारा मंगळवारी येऊन गेलाय.
वेलदोड्याच्या पावाचे तीन तुकडे खाल्ले, म्हणे,
आणि त्यांना ‘तरुणी’ म्हणाला.
“त्याने तळघरातली सौना नाही पाहिली. ती धरतात किमतीत?”
तळघर सहसा मोजत नाहीत.
“वाइनोने बांधली, गोदीतून सुटल्यावर, दोन हिवाळे.
पहिलं गहाण फिटलं त्या रात्री
सगळे कागद तिच्याच चुलीत घातले.
कागद भुर्रकन जळतो. घाम यायला लाकूडच लागतं.”

मी पुढचा नियम घेतो.
घराचा कर, विमा, छपराची डागडुजी तुमच्याकडे.
चुकलं तर घर जाऊ शकतं.
“छप्पर उत्तरेला गळतंय. त्यासाठीच तर सगळं.”
सलग बारा महिने इस्पितळात किंवा दुसरीकडे राहिलात
तर कर्ज फेडावं लागेल.
“टूसॉनला मुलगा आहे, डेल. विकून ये म्हणतो.
त्याच्याकडे बर्फ नाही, त्यालाच तो सुख समजतो.”
आणि वर्षातून एकदा पत्र येईल,
अजून तिथेच राहता का, असं.
सही करून परत पाठवायचं.
“नाही पाठवलं तर?”
तर ते समजतील की
“की मी नाही.”
की तुम्ही तिथे राहत नाही.
“तेच म्हणते मी.”

शेवटी दहा प्रश्न. पाच बरोबर आले तरी चालतात.
त्यांचे नऊ येतात.
चुकतो तो सगळ्यात सोपा:
कर्ज घेतल्यावर घर कुणाच्या नावावर राहतं?
“वाइनोच्या.”
तुमच्या, मी म्हणतो.
यावर त्या काहीच बोलत नाहीत.
कुठेतरी किटली शिटी मारते, बराच वेळ.

प्रमाणपत्र मी त्याच दिवशी पाठवलं.
सहा महिने चालतं ते.

एप्रिलमध्ये दुसऱ्याच कामाने त्या चढावर गेलो.
तलावातला बर्फ फुटत होता,
वर्षातलं पहिलं खनिजाचं जहाज भोंगा देत होतं.
पत्ता अर्जात लिहिलेला, पाठ झालेला.
गाडीची चाकं पदपथाकडे वळवली, थांबलो.
तळघराच्या खिडकीतून वाफ येत होती.
छपरावर उत्तरेला निळी ताडपत्री, चार विटा ठेवलेल्या.
सही झाली की नाही
हे ताडपत्रीवरून सांगता येत नाही.
दार वाजवून विचारावं असं वाटलं,
पण माझा विचारण्याचा हक्क
दीड तासाचाच होता.