नऊशे लारी

कुताइसीत, चपला शिवणाऱ्याच्या शेजारी माझं दुकान.
त्सोत्ने आला. चौदा वर्षांचा. मुठीत नऊशे लारी,
वहीच्या पानावर यादी, खोडून खोडून भोकं पडलेली.

प्रोसेसर जुना चालेल, म्हणाला.
ग्राफिक्स कार्ड दाखवलं. दोन वर्षं कुणाच्या तळघरात
रात्रंदिवस नाणी खणत होतं बिचारं,
पंखा फिरताना अजून धाप लागते त्याला.
घासाघीस झाली. वीस लारी उतरलो.
पॉवर सप्लायवर मात्र अडून बसलो,
तिथे कंजुषी म्हणजे एका ठिणगीत सगळ्याची राख.
रॅमची एकच कांडी. दुसरी पुढच्या हिवाळ्यात.

उरले अठ्ठावीस.
"विंडोज राहू दे," मी म्हटलं, "लिनक्स टाकतो, फुकट."
तो गप्प. मग,
"मासेमारीचा तो खेळ चालेल त्यावर?"

हसूच आलं मला.
नऊशे लारी मोजून तळ्याकाठी गळ टाकून बसायचं?

आई थेस्सालोनिकीत असते, म्हणाला,
एका म्हाताऱ्या बाईंचं सगळं करते.
रविवारी बाई झोपल्या की
त्यांच्या लॅपटॉपवर येते तळ्याकाठी.
तिला अजून मासा ओढता येत नाही.
मीच सांगतो, आता, आता ओढ.

लिनक्स टाकलं. खेळ उघडला.
तळ्याचे काठ आले, पाणी नाही आलं.
नुसता काळा चौकोन, त्यावर होडी.
पावणेआठपर्यंत खटपट.
शेजारी वाख्तांगनं शटर ओढलं.

पाणी आलं तेव्हा
जरा जास्तच निळं होतं.
"असू दे," म्हणाला,
"सांगेन तिला, इथे ऊन पडलंय."