वजनकाटा

"साडेतीन टन ओढते," डॅरिल म्हणाला,
आणि घोड्याच्या मानेवर मारावी तशी बॉनेटवर थाप मारली.
इव्हरने मान डोलावली. त्याला गाडीचा रंग आवडला होता.
बेचाळीस वर्षांचा संसार आहे, मला कळतं:
रंग आवडला की हा माणूस
इंजिनाबद्दल प्रश्न विचारू लागतो.

मी गाड्यांतली बाई नाही. मी मास्तरीण.
एकतीस वर्षं पोर्ट ऑगस्टातल्या एका खोलीत बसून
रेडिओवर शाळा घेतली.
लांबलांबच्या मेंढवाड्यांतली पोरं
खरखरीतून पाढे म्हणायची,
मध्येच कुणाचं तरी कुत्रं भुंकायचं, कुणाचा तरी बाप
दार आपटून आत यायचा.
निम्म्या पोरांची घरं मी पाहिली नाहीत.
आता पाहायची आहेत.
त्यासाठीच हे सगळं: चारही चाकांत जोर असलेली गाडी,
मागे कॅरव्हान, आणि इव्हरचा नवा गुडघा.

पण पाढे शिकवणाऱ्या बाईला
कागदाची मागची बाजू वाचायची सवय असते.
साडेतीन टन खरे,
पण कॅरव्हानच्या जोखडाचे तीनशे किलो
गाडीच्याच पाठीवर बसतात.
पुढचा लोखंडी बार पासष्ट. छपरावरचा तंबू सत्तर.
जादा डिझेल. पाणी, लिटरला किलो,
त्यात वाळवंट कुणाला सवलत देत नाही.
मग आम्ही दोघं. इव्हरने स्वतःचं वजन
पाच किलो कमी सांगितलं. मी लिहून घेतलं,
आणि शेजारी बारीक अक्षरात खरं लिहिलं.

डॅरिलने एका दिवसासाठी गाडी दिली.
कॅरव्हान जोडून, सगळं भरून,
आम्ही धान्याच्या कोठारामागच्या काट्यावर गेलो.
काट्यावरची नेरिडा खिडकीतून ओरडली,
"दोनशे चाळीस जास्त! कुणाला उतरवताय?"
इव्हर हसला नाही.
घरी येताना तो एकदाच बोलला,
"दुसरा फ्रिज नको."
पुढच्या सिग्नलला: "तंबू पण."
त्याच्या आवाजात मला
नापास झालेला मुलगा ऐकू आला, म्हणून मी
उरलेलं सामान मोजलं नाही.

शेवटी आम्ही गाडी नाही, घर बदललं.
कॅरव्हान विकली. तिच्या निम्म्या वजनाचा,
कापडी छपराचा ट्रेलर घेतला.
आणि गाडी मिळाली क्वॉर्नच्या हेडलीकडे,
अठरा वर्षांची, काचा हाताने फिरवायच्या,
रंग असा, की इव्हरने एकही प्रश्न विचारला नाही.
हेडलीने खाली वाकून दाखवलं
कुठे गंज आहे, कुठे नाही, कुठे त्याला माहीत नाही.
त्या तिसऱ्या वाक्यावर मी पैसे मोजले.
किल्ली देताना म्हणाला,
"वाळू लागली की टायरची हवा सोडा. घाईसुद्धा."

उडनाडाटाच्या वाटेवर तिसऱ्या दिवशी
रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा झाला.
कपाटातल्या बश्या, माझे दात, इव्हरचा गुडघा
एकाच सुरात बोलू लागले.
आरशात ट्रेलर दिसेना, फक्त लाल धूळ,
मधूनच खडखडाट, म्हणजे आहे.

मग एक फाटक. फाटकापाशी टक्कल पडलेला,
चव्वेचाळीस-पंचेचाळीसचा माणूस.
त्याने आमच्याकडे पाहिलंच नाही.
गाडीभोवती एक फेरी मारली,
मागच्या चाकाशी उकिडवा बसला,
पाट्यांवर अंगठा फिरवला, थुंकला,
आणि खालूनच म्हणाला,
"मागच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवून घ्या, मिस."

मिस.
खरखर नव्हती, म्हणून क्षणभर ओळखला नाही.
डार्सी. सातच्या पाढ्यात
छप्पन्नावर नेहमी अडखळणारा.

"सात आठे?" मी काच फिरवत विचारलं.
तो उठला, हात पँटला पुसले,
आणि फाटक उघडायला गेला.