वळचणीचं पाणी

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात.
मेढ्याला या, दाखवते.
गेल्या श्रावणात आमच्याकडे निघालंच होतं:
पन्हळ तुंबली, पाणी मागं सरलं,
पत्र्याखालून वाशावाशानं आत आलं
आणि कपाटातल्या लाइटबिलांच्या फायलीवर
ठिबकत बसलं.

शिडी मीच चढले.
ह्यांचे गुडघे नाही म्हणतात,
तोंड मात्र खालून सगळं सांगतं:
"डावीकडं. अजून. अगं, तुझ्या डावीकडं."
कोपरापर्यंत हात घातला.
शेलारगुरुजींच्या सिल्व्हर ओकची पानं,
कुजून चहाच्या चोथ्यासारखी,
कपड्यांचे दोन चिमटे, एक शटलकॉक,
आणि पायपाच्या तोंडाशी, बोटभर मातीत,
पिंपळ.
चार पानांचा, घरमालकाच्या ऐटीत.

गुरुजींना बोलले.
म्हणाले, "पानं काय मला विचारून गळतात?"

मग दस्तगीर मिस्त्री आला साताऱ्याहून,
जाळीचं भेंडोळं मोपेडला आडवं बांधून.
आधी त्यानं पन्हळीत तांब्याभर पाणी ओतलं
आणि नजरेनं त्याच्यामागं चालत गेला.
एका जागी पाणी थांबलं. तोही थांबला.
तिथली पट्टी अर्धा इंच वर ठोकली.
मग जाळी.
जाताना म्हणाला, "वैनी, जाळी पानं अडवती,
आळस न्हाई अडवत. म्हैन्याला झाडू फिरवा."

आता उघडीप मिळाली की
जाळीवरची पानं सुकतात,
घाटातला वारा त्यांना उचलतो
आणि गुरुजींच्याच अंगणात नेऊन टाकतो.
मी एक अक्षर बोलले नाही.
पानं काय मला विचारून उडतात?

तरी बारीकसारीक आत जातंच.
ओकचा केसर, पत्र्याचा गंज,
कुठून येतं कोण जाणे ते शेवाळ.
महिन्यातून एका रविवारी
कुंपणाच्या भिंतीवरून लांब दांड्याचा ब्रश वर येतो,
नुसता ब्रश. माणूस दिसत नाही.
मी घेते.
संध्याकाळी धुऊन तिथंच टेकवते.

पिंपळ डालड्याच्या डब्यात आहे.
उपटला खरा, टाकवेना.
शाळेमागं लावू, म्हणतात हे,
जिथं जवळपास कुणाची पन्हळ नसेल.

रात्री पिंपात पडणारी धार ऐकते.
जाड असली की कूस बदलून झोपते.
बारीक झाली
की अंथरुणातूनच शिडी लावते,
आणि ऐकू येतं खालून:
तुझ्या डावीकडं.